आधी दुकान, मग ई-रीडर: गोव्यातल्या मराठी वाचकासाठी

ई-रीडर, म्हणजे ई-बुक वाचायचं यंत्र, घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण यंत्रांची तुलना करायला बसतात. पडदा किती इंचांचा, बॅटरी किती आठवडे टिकते, पाण्यात पडला तर काय होतं. मी उलटा क्रम सांगेन: आधी पुस्तकांचं दुकान ठरवा, मग यंत्र. यंत्र चार-पाच वर्षांनी बदलता येतं. त्यावर वाचायला घेतलेली पुस्तकं मात्र ज्या दुकानातून घेतली त्याच दुकानाच्या दावणीला बांधलेली राहतात. मराठी वाचकाच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे, कारण आपली पुस्तकं सगळ्या दुकानांत सारखी मिळत नाहीत.

गोव्यात ई-रीडरची खरी गरज आहे. मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईहून येतात. डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे या बाजूंच्या वाचकाला एखादं पुस्तक हवं झालं तर कुरियरची वाट पाहायची, नाहीतर पणजीची फेरी मारायची. घरातला मुलगा बोटीवर किंवा आखातात असेल तर त्याच्या बॅगेत वजनामुळे दोन पुस्तकंही बसत नाहीत. अशा घरासाठी हा लेख आहे. तंत्राचं फारसं ज्ञान नसलं तरी चालेल, संगणकावर फाइल उघडता-साठवता येत असली की पुरे.

यंत्र स्वस्त का असतं, हे आधी समजून घ्या

बहुतेक ई-रीडरचा पडदा ई-इंक नावाच्या एकाच कंपनीकडून येतो. ही कंपनी अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधनातून १९९७ मध्ये निघाली आणि २००९ मध्ये तैवानी मालकीची झाली. पडदा जवळपास सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे नुसत्या यंत्राच्या जोरावर कुणालाच फार पुढे जाता येत नाही. खरी लढाई दुकानांची आहे.

सोनीने २००४ मध्ये जपानात आणि २००६ मध्ये अमेरिकेत आपले ई-रीडर आणले. यंत्रं चांगली होती, पण पुस्तकांचं दुकान तोकडं होतं. ॲमेझॉनचं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आलं ते ३९९ डॉलरला. दिसायला ओबडधोबड होतं, पण पुस्तक थेट यंत्रावरूनच विकत घेता यायचं आणि गाजलेली पुस्तकं ९.९९ डॉलरला मिळायची. त्यातल्या अनेक पुस्तकांवर कंपनी पदरचे पैसे घालत होती. नोव्हेंबर २००९ मध्ये बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांनी नूक आणला आणि २०१० मध्ये कॅनडाचा कोबो आला. जून २०१० मध्ये नूकची किंमत २५९ वरून १९९ डॉलरवर आली आणि त्याच दिवशी किंडल १८९ वर उतरलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वाय-फायवालं किंडल १३९ डॉलरला मिळू लागलं. तीन वर्षांत किंमत जवळपास एक तृतीयांश झाली. यंत्रावरचा नफा सोडून पुढे आयुष्यभर पुस्तकं विकायची, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब सगळ्यांना जमला नाही. सोनीने २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातलं ई-बुकचं दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकं कोबोकडे सोपवली. नूकने २०१६ मध्ये ब्रिटन सोडलं. त्यांचे वाचक आधी तिथल्या सेन्सबरीज या सुपरमार्केटच्या ई-बुक दुकानाकडे गेले आणि काही महिन्यांत तेही दुकान मिटल्यावर पुन्हा कोबोकडे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-बुकचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पण लोकांची पुस्तकं गेली. आपल्या देशातही हे झालं आहे. इन्फिबीमने २०१० मध्ये ‘पाय’ नावाचा ई-रीडर ९,९९९ रुपयांना आणला होता, आज तो कुणाला आठवतही नाही. कोबो २०१३ मध्ये क्रॉसवर्ड आणि क्रोमासारख्या दुकानांतून भारतात आला. फ्लिपकार्टने ई-बुक विकायला सुरुवात केली आणि २०१५ च्या अखेरीस तो व्यवहार गुंडाळून वाचक कोबोकडे वळवले.

जिंकलेल्या कंपनीबद्दलही गाफील राहू नका. ॲमेझॉनने चीनमधलं किंडलचं दुकान ३० जून २०२३ रोजी बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं उतरवून घ्यायला आणखी एक वर्ष दिलं. म्हणून दुकान निवडताना ‘आज सगळ्यात मोठं कोण’ यापेक्षा ‘उद्या हे दुकान मिटलं तर माझ्या हातात काय उरेल’ हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. पुढची प्रत्येक पायरी त्याच प्रश्नावर उभी आहे.

पहिली पायरी: हव्या त्या पुस्तकांची यादी करा

वहीत दहा-पंधरा पुस्तकांची नावं लिहा. ‘कधीतरी वाचू’ अशी नकोत, येत्या वर्षभरात खरोखर वाचायची आहेत अशीच. त्यात मराठी किती, इंग्रजी किती, हे प्रामाणिकपणे येऊ द्या. मग प्रत्येक नाव चार ठिकाणी शोधा: ॲमेझॉनच्या भारतीय साइटवरचं किंडल स्टोअर, बुकगंगा, गूगल प्ले बुक्स आणि कोबो. नावासमोर खुणा करत चला.

शोधताना एक काळजी घ्या. नाव देवनागरीत टाइप करून पाहा आणि रोमन लिपीतही पाहा. मराठी पुस्तकांची नोंद बऱ्याचदा रोमन अक्षरांत, पुढे ‘मराठी एडिशन’ असं जोडून केलेली असते. स्पेलिंग तर प्रत्येकाचं वेगळं. लेखकाच्या आडनावाने शोधलं की निम्मी अडचण सुटते.

यादी भरली की चित्र स्पष्ट होतं. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांचं दालन उघडलं आणि तिथला साठा वाढत गेला. बुकगंगा हे पुण्याहून चालणारं मराठी दुकान. तिथली ई-बुकं त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात, किंडलवर ती उघडत नाहीत. तुमच्या यादीतल्या बहुतेक खुणा बुकगंगाच्या रकान्यात पडल्या, तर सेलमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी किंडल तुमच्या उपयोगाचं नाही. हे यंत्र घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

काही मराठी पुस्तकं फक्त किंडलवरच का सापडतात, तेही सांगतो, कारण त्यामागे स्पर्धेचाच डाव आहे. ॲमेझॉनवर स्वतः पुस्तक प्रकाशित करणाऱ्या लेखकाला भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल, तर ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत नाव घालावं लागतं. त्या योजनेत ते ई-बुक नव्वद दिवस दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही आणि मुदत संपली की पुन्हा नव्वद दिवस चालू राहते. योजनेबाहेर राहिलं तर ३५ टक्के. एकट्या-दुकट्याने पुस्तक काढणारा लेखक ७० टक्केच निवडणार, त्याला दोष देता येत नाही. पण त्यामुळे दुसऱ्या दुकानाच्या वाचकाला ते पुस्तक मिळत नाही. तुमच्या ओळखीत कुणी लिहिणारं असेल तर त्यांना हे जरूर सांगा. पहिल्या काही महिन्यांनंतर योजनेतून बाहेर पडून इतर दुकानांत पुस्तक ठेवण्याचा पर्याय त्यांना खुला असतो.

किमतीची तुलनाही याच वहीत करा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवर ५ टक्के आहे, नसलेल्यावर १८. वाटतं तितका फरक कधीकधी पडत नाही आणि कुरियरचा खर्च धरूनही छापील पुस्तक परवडतं. अशी पुस्तकं छापीलच घ्या.

दुसरी पायरी: पैसे देण्याआधी अक्षर तपासा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. इंग्रजी पुस्तक कुठल्याही ई-रीडरवर नीटच दिसतं. मराठीचं तसं नाही.

किंडल, कोबो, गूगल प्ले बुक्स, बुकगंगा, सगळ्यांची मोबाइल ॲप फुकट मिळतात. यादीतल्या दोन-तीन पुस्तकांचा फुकट नमुना फोनवर उतरवा आणि आधी अक्षराचा आकार वाढवून पाहा. मजकूर आपोआप नव्या ओळींत बसत असेल तर पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, नीट तयार केलेलं आहे. अक्षर न वाढता अख्खं पान चित्रासारखं मोठं होत असेल, तर ते छापील पानाचं नुसतं चित्र आहे आणि सहा इंची पडद्यावर तुमचे डोळे दुखतील. किंडलच्या पुस्तकाच्या माहितीत ‘एन्हान्स्ड टाइपसेटिंग’ अशी एक ओळ असते. तिथे ‘एनेबल्ड’ नसेल तर नमुना पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका.

आता जोडाक्षरं. एक छोटी चाचणी स्वतः तयार करून ठेवा: ‘आचाऱ्याने आचार्यांना कऱ्हाडचा गूळ दिला. द्वंद्व, स्त्री, कृष्ण, ज्ञानेश्वर, ॲप, कॉफी, बाळ.’ एवढं एका फाइलमध्ये टाइप करून ठेवलं की कुठल्याही यंत्राची परीक्षा घेता येते. आचाऱ्यामधला अर्धा ‘र’ आडव्या चंद्रकोरीसारखा दिसायला हवा. तिथे नुसता नुक्ता (अक्षराखालचं टिंब), मोडका हलन्त किंवा रिकामा चौकोन दिसला तर त्या यंत्रावर तो फॉन्ट कामाचा नाही. ‘स्त्री’ तीन तुकड्यांत फुटते का, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते का, ‘ॲ’च्या जागी काही भलतंच येतं का, हेही बघा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात की मराठी, याकडेही लक्ष असू द्या. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि फाइलची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण दिसतं. नोंद ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ असली की अक्षरही तसंच येतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर ओवी लावून पाहा. ज्ञानेश्वरी किंवा सोहिरोबानाथ आंबिये यांची पदं आपल्याकडे भजनी मंडळींत रोज वाचली जातात. अक्षर मोठं केलं की ओवीचा चरण मध्येच तुटून खालच्या ओळीवर जातो आणि मोठ्याने वाचणाऱ्याची लय अडखळते. अशा वेळी पडदा आडवा करून पाहा. बहुतेक ई-रीडरवर ती सोय असते आणि आडव्या पडद्यावर मोठ्या अक्षरातही चरण पुष्कळदा एका ओळीत बसतो. आईवडिलांसाठी सात इंची पडदा मला सहा इंचीपेक्षा केव्हाही बरा वाटतो. त्यामागचं कारण हेच आहे.

तिसरी पायरी: आता यंत्र

यादी आणि चाचणी झाली की यंत्राची निवड जवळजवळ आपोआप होते.

यादी किंडलकडे झुकली असेल तर किंडल घ्या. साधं किंडल जलरोधक नाही, त्याच्या वरचं पेपरव्हाइट हे मॉडेल २०१८ पासून आहे. पण इथेही बारकावा आहे. कंपनीची चाचणी गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीवर एक तास आणि समुद्राच्या पाण्यात जेमतेम पाव मीटरवर तीन मिनिटं, अशी आहे. मिरामार-कोलव्याला वाळूत बसून वाचणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. खारं पाणी लागलंच तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण कोरडं होईपर्यंत वायर लावू नका.

यादीत बुकगंगा आणि इतर मराठी ॲप जास्त असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक टॅबलेट घ्या. ऑनिक्स कंपनीचे बूक्स हे त्यातलं ठळक नाव. त्यावर प्ले स्टोअर चालतं, म्हणून किंडल, बुकगंगा, गूगल, सगळी ॲप एकाच यंत्रावर बसतात. स्पर्धेच्या दृष्टीने पाहिलं तर वाचकाला सगळ्यात मोकळीक देणारा हा पर्याय आहे. त्याच्या दोन बाजू पडत्या आहेत: किंमत जास्त, आणि ही ॲप ई-इंकसाठी बनवलेली नसल्यामुळे पान उलटताना मागच्या पानाची पुसट सावली राहते. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक ॲपसाठी पडदा किती वेळा पूर्ण पुसायचा ते ठरवावं लागतं. थोडा खटाटोप आहे, पण एकदाच करायचा.

कोबो कुणाला? इंग्रजी जास्त वाचणाऱ्याला, आणि ज्याला फाइल आपल्या हातात हवी आहे त्याला. कोबो ईपब हा ई-बुक फाइलचा खुला प्रकार वापरतो. गूगल प्ले बुक्सवर घेतलेलं पुस्तक, प्रकाशकाची परवानगी असेल तर, ॲडोबीच्या डिजिटल एडिशन्स या प्रोग्रॅममधून कोबोवर नेता येतं. किंडलवर तसं नेता येत नाही. दोन दुकानं एका यंत्रावर चालणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र मराठी जोडाक्षरांची चाचणी इथे जास्त कसून घ्या. कोबोवर केओरीडर नावाचा वाचनाचा फुकट प्रोग्रॅम सहज बसवता येतो आणि देवनागरी त्यात चांगली दिसते.

परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणार असाल तर दोन गोष्टी विचारून घ्या. भारतात वॉरंटी लागू आहे का, आणि दुरुस्ती कुठे होणार. किंडल कुठल्याही देशातून आणलं तरी चालतं. दुकान कोणतं दिसणार हे यंत्रावर नाही, खात्याचा देश कोणता यावर ठरतं. दुबईहून आलेल्या किंडलवर भारतातलं ॲमेझॉन खातं घाला, म्हणजे भारतीय दुकान आणि रुपयांतले भाव दिसतील. मुलाच्या तिकडच्या खात्यावर यंत्र तसंच चालू ठेवलं तर भारतीय दुकानातून खरेदी करता येणार नाही.

चौथी पायरी: दुकानाबाहेरची पुस्तकं आणा

दुकानांची ओढाताण बाजूला ठेवून, कुणाच्याही मालकीची नसलेली किंवा मुद्दाम खुली ठेवलेली मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट राहतो. हरी नारायण आपटे, केशवसुत, बालकवी, गडकरी, साने गुरुजी हे सगळे आता मुक्त आहेत. आपल्या बाकीबाब बोरकरांचं निधन १९८४ चं, म्हणजे त्यांची कविता १ जानेवारी २०४५ ला मुक्त होईल. तोवर ती विकतच घ्यायची, आणि आनंदाने घ्यायची.

मराठी विकिस्रोतावर अनेक जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये आहेत आणि तिथून थेट ईपब उतरवता येतं. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तकं फुकट देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची कितीतरी प्रकाशनं पीडीएफमध्ये मोफत आहेत. त्यांत अशी संशोधनाची पुस्तकं आहेत जी छापील मिळणं आता मुश्कील.

ही पुस्तकं सांभाळायला कॅलिबर हा फुकट प्रोग्रॅम संगणकावर घ्या. कोविद गोयल यांनी तो २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी लिहायला घेतला, कारण सोनीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हतं. सोनीचं दुकान गेलं आणि कॅलिबर राहिलं. पुस्तक त्यात ओढून टाकलं की आधी माहितीत जाऊन ‘लँग्वेज’च्या जागी मराठी निवडा. मग रूपांतराच्या खिडकीत ‘लुक अँड फील’मध्ये फॉन्ट फाइलमध्येच घालण्याची सोय आहे, तिथे मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा नोटो सेरिफ देवनागरी निवडा. हे तिन्ही फॉन्ट फुकट आहेत. फॉन्ट फाइलच्या आत गेला की यंत्रात स्वतःचा मराठी फॉन्ट असो वा नसो, अक्षर तुम्हाला हवं तसं दिसायची शक्यता वाढते.

किंडलवर पाठवायला ‘सेंड टू किंडल’ हे ॲमेझॉनचं पान वापरा, तिथे २०० एमबीपर्यंतची ईपब फाइल जाते. ईमेलने पाठवायचं असेल तर मर्यादा ५० एमबी आहे आणि आपला ईमेल पत्ता आधी खात्यातल्या मंजूर यादीत घालावा लागतो. ते न केल्यामुळेच बहुतेकांची फाइल पोचत नाही. मोबी हा किंडलचा जुना फाइल-प्रकार आता पाठवू नका. कोबोला वायर लावून फाइल टाकली की झालं.

पीडीएफची गोष्ट वेगळी आहे आणि इथे अनेकांची फसगत होते. पीडीएफ उघडा, एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. नीट मराठी आली तर ती युनिकोड आहे. ‘Öú’ छापाची विचित्र चिन्हं आली तर पुस्तक श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीत जुळवलेलं आहे. पडद्यावर अक्षर सुंदर दिसेल, पण कॅलिबरमधून ईपब केलं की अख्खं पुस्तक त्या चिन्हांनी भरून येईल. काहीच निवडता येत नसेल तर ते स्कॅन आहे. या दोन्ही प्रकारांसाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट साधन आहे. ते अक्षरं वाचायच्या भानगडीत पडत नाही. प्रत्येक शब्दाचं चित्र कापतं आणि लहान पडद्याच्या रुंदीला पुन्हा ओळींत मांडतं. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्द एकसंध असतो, म्हणून मराठीवर ते छान चालतं. केओरीडरमध्ये हीच सोय आतच दिलेली आहे.

ते जमणार नसेल तर हिशेब करून पाहा. आपलं डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं. समास कापले तर मजकुराचा चौकोन साधारण सव्वाचार बाय सात. सहा इंची ई-रीडरचा पडदा ३.६ बाय ४.८ इंचांचा. अख्खं पान बसवलं तर अक्षर मूळच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास येतं, रुंदी जुळवून एक पान दोन टप्प्यांत वाचलं तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या. दुसरा मार्ग सुसह्य आहे. ज्यांचं वाचन मुख्यतः स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचं आहे, त्या अभ्यासकांनी सरळ दहा इंची यंत्र घ्यावं.

पाचवी पायरी: आपलं काय आणि भाड्याचं काय, हे वेगळं ठेवा

किंडलवर ‘बाय’चं बटण दाबून घेतलेलं पुस्तक कायद्याच्या भाषेत विकलेलं नसतं, वाचायचा परवाना दिलेला असतो. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑरवेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ॲमेझॉनने वाचकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. कंपनीने नंतर माफी मागितली. पण हात किती लांब पोचतो ते सगळ्यांना दिसलं. घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची जुनी सोयही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली.

म्हणून मी पुस्तकांचे दोन ढीग करायला सांगतो. एकदा वाचून सोडायची पुस्तकं दुकानातून खुशाल घ्या, किंडल अनलिमिटेडसारख्या महिन्याच्या वर्गणीतही वाचा. ज्या पुस्तकाकडे पुन्हा-पुन्हा जायचं आहे, मुलांना द्यायचं आहे, ते छापील घ्या किंवा डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप नसलेल्या फाइलमध्ये घ्या. त्या फाइली आणि खुल्या पुस्तकांचं कॅलिबरचं अख्खं फोल्डर एका पेन ड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन जागी, असं दोन ठिकाणी ठेवा. कुलूप तोडायच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मराठी प्रकाशकाचा नफा आधीच पातळ असतो.

जी पुस्तकं कुठल्याच दुकानात ई-बुक म्हणून नाहीत, आणि गोव्यातल्या मराठी लेखकांची अशी पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी पणजीच्या पाटो भागातलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ही संस्था १८३२ पासूनची. सभासद व्हा आणि वहीतली जी नावं चारही रकान्यांत कोरी राहिली ती तिथे शोधा.

सहावी पायरी: गोव्याची हवा

जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर यंत्राचं काय होत असेल. वापरात नसताना ई-रीडर झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. पुड्या महिन्याभराने बदला. किनाऱ्याजवळ घर असेल तर चार्जिंगच्या तोंडावर हिरवट थर चढतो का ते अधूनमधून पाहा. विजांच्या रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. बॅटरी आठवडे टिकते, घाई नसते. बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. ई-इंकचा पडदा पातळ काचेवर बसवलेला असतो. कदंबा बसच्या गर्दीत पिशवीत चाव्यांबरोबर ठेवला तर आतून तडकतो, वरून काही दिसत नाही. कडक पाठीचं कव्हर यंत्राबरोबरच मागवा.

घरात एकच खातं असेल तर

एका ॲमेझॉन किंवा कोबो खात्यावर घरातली अनेक यंत्रं जोडता येतात, म्हणजे फोंड्यातल्या आजीने घेतलेलं पुस्तक मडगावची नात तिच्या यंत्रावर वाचू शकते. मात्र खातं ज्याच्या नावावर त्याच्या पश्चात ही पुस्तकं वारसाकडे जाण्याची सोय दुकानांच्या अटींत नाही. खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

जुनं यंत्र कुणाला देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ‘डीरजिस्टर’ करा, म्हणजे ते आपल्या खात्यापासून तोडा, आणि मग फॅक्टरी रीसेट मारून आतलं सगळं पुसा. नाहीतर नवा मालक तुमच्या कार्डावर पुस्तकं घेऊ शकतो. यंत्र हरवलं तर हेच काम संगणकावरून, खात्यातल्या यंत्रांच्या यादीत जाऊन करता येतं.